गच्चीवरील वीज व घरातील वेळापत्रक

गेल्या काही वर्षांत आपल्या गावोगावच्या गच्च्यांवर व पत्र्यांवर काळसर निळ्या काचेच्या तक्त्यांच्या रांगा दिसू लागल्या आहेत. 2024 सालच्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने एक कोटी घरांवर असे संच बसविण्याची योजना आरंभिली, आणि 1 किलोवॅटच्या संचास 30 हजार, 2 किलोवॅटच्या संचास 60 हजार व 3 किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचास 78 हजार रुपयांचे साहाय्य देऊ केले. तेव्हापासून हा विषय ज्याच्या त्याच्या तोंडी झाला आहे. ‘सोलर बसविले की वीज फुकट’ असा एक समज त्यातून पसरला असून आमच्या वर्गातील मुलेही तो घरून घेऊन येतात. हा समज कितपत खरा आहे, आणि असा संच घरावर आल्यावर घरच्या माणसांनी आपली रीत कशी ठेवावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम हे यंत्र करते तरी काय ते पाहू. प्रकाशापासून वीज उत्पन्न होऊ शकते ही गोष्ट फ्रेंच शास्त्रज्ञ एडमंड बेकरेल याच्या ध्यानी 1839 साली आली. परंतु तिचा व्यवहारात उपयोग होण्यास शंभरांहून अधिक वर्षे लागली. 1954 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर व पिअर्सन या तिघांनी सिलिकॉनचा घट तयार केला. त्यावर पडणाऱ्या प्रकाशातील शक्तीपैकी शेकडा 6 इतक्याच शक्तीची वीज होत असे. आजच्या चांगल्या पॅनेलमध्ये हे प्रमाण शेकडा 20 च्या वर गेले आहे. सिलिकॉन हे मूलद्रव्य वाळूत विपुल सापडते. ते अत्यंत शुद्ध करून त्याच्या पातळ चकत्या करतात. प्रकाश पडताच त्यांतील काही इलेक्ट्रॉन मोकळे होतात, आणि चकतीच्या रचनेमुळे ते एकाच दिशेने लोटले जाऊन प्रवाह सुरू होतो. हा प्रवाह एकदिश असतो. घरातील दिवे व पंखे प्रत्यावर्ती प्रवाहावर चालतात, म्हणून मध्ये इन्व्हर्टर नावाची पेटी बसवून प्रवाहाचे रूप पालटावे लागते.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट होय. पॅनेलास हवा असतो तो सूर्याचा प्रकाश, उष्णता नव्हे. किंबहुना उष्णता ही त्याची शत्रूच आहे. 25 अंशांच्या वर पॅनेल जितके तापेल तितके, दर अंशामागे शेकडा एक-तृतीयांशाच्या आसपास, त्याचे उत्पन्न घटते. वैशाखातील दुपारी पॅनेल सहज 60 अंशांवर जाते; म्हणजे शेकडा 12 च्या आसपास वीज नुसत्या तापण्यातच जाते. ‘ऊन एवढे कडक, मग वीज का कमी?’ या प्रश्नाचे उत्तर हे होय.

आता हिशेबाकडे वळू. हजार वॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. आपल्या प्रांतात 1 किलोवॅटचा संच वर्षभराच्या सरासरीने दिवसास सुमारे 4 युनिट देतो व त्यासाठी गच्चीवर सुमारे शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते. आमच्या घरावर 3 किलोवॅटचा संच आहे. त्याची दिवसाची सरासरी 12 युनिट धरावी. परंतु सरासरी हा शब्द मोठा फसवा आहे. फाल्गुनातील निरभ्र दिवशी हाच संच 14 युनिटांवर जातो, तर आषाढातील झडीच्या दिवशी 3 युनिटही कष्टाने देतो. सावलीचाही परिणाम मोठा आहे. पॅनेलमधील घट साखळीप्रमाणे एकामागून एक जोडलेले असतात. विहिरीपासून हौदापर्यंत माणसे रांगेत उभी राहून हातोहात घागरी देत असता मधला एक जण मंदावला, तर सारी रांग मंदावते. तद्वत् नारळाच्या एका झावळीची सावली पडली तरी सावलीच्या मानाने किती तरी अधिक वीज बुडते. धुळीचेही तेच. काच वरचेवर धुवावी, परंतु ती सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. भर दुपारी तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतणे हे तिच्या नाशास कारण होऊ शकते.

येथवर यंत्राचे झाले. खरा प्रश्न यापुढेच उपस्थित होतो. सूर्याची वीज सकाळी नऊच्या सुमारास जोम धरते, मध्यान्ही शिखरास पोहोचते व पाचनंतर ओसरते. उलट आपल्या घरांत पहाटे अंघोळीचे पाणी तापते, दहा वाजता घरास कुलूप लागते, आणि दिवेलागणीस सर्व मंडळी परतली की दिवे, पंखे, दूरचित्रवाणी व इस्त्री एकदम सुरू होतात. समजा, घराचा दिवसाचा खर्च 9 युनिट आहे व त्यांपैकी 3 युनिटच उन्हाच्या वेळी लागतात. मग 12 युनिटांपैकी 9 युनिट घराबाहेर तारांवर जातात आणि सायंकाळनंतर 6 युनिट तारांवरून परत घ्यावी लागतात. नेट मीटर या आवकजावकीची नोंद ठेवतो व महिन्याच्या अखेरीस वजाबाकी होते. शिल्लक उरलेली युनिटे पुढील महिन्यात जमा धरतात. 31 मार्चला आर्थिक वर्ष संपते तेव्हा उरलेल्या शिलकीचा मात्र ठराविक अल्प दराने हिशेब होतो. शिवाय स्थिर आकार द्यावाच लागतो. म्हणजे बिल अगदी शून्यावर येत नाही.

या व्यवहारामुळे बहुतेकांस असे वाटते की, दुपारची वीज आपण पेढीत ठेवली व रात्री तीच काढून घेतली. मग ती केव्हा वापरली याची चिकित्सा कशाला? हिशेबाच्या वहीपुरते हे खरे असले तरी सृष्टीच्या नियमाप्रमाणे ते खरे नाही. तारांत वीज साठून राहत नाही. आमच्या गच्चीवरून दुपारी बाहेर गेलेली वीज त्याच क्षणी शेजारच्या घरात किंवा पलीकडील पिठाच्या गिरणीत खर्च होते. रात्री आम्हांस मिळते ती निराळी वीज; ती बहुधा चंद्रपूर किंवा कोराडी येथील भट्ट्यांत कोळसा जाळून, अथवा कोयनेच्या धरणातील पाणी सोडून त्या वेळी उत्पन्न केलेली असते. 2025 सालच्या जानेवारीत आपल्या देशातील सौरविजेची क्षमता 1 लक्ष मेगावॅटच्या पुढे गेली, तरी सूर्य मावळताच तिचा हात आखडतो आणि नेमक्या त्याच वेळी घरोघरची मागणी वाढते. कोळशावरील मोठे संच दुपारी विझवून सायंकाळी पुन्हा पेटविणे सोपे नसते. ते मंद का होईना, दिवसभर जळत ठेवावे लागतात. म्हणून जे काम दुपारी होण्याजोगे आहे ते रात्री करणे, याचा अर्थ सूर्याची वीज घरी असताना दुसऱ्याच्या गावच्या धुराची वीज मागविणे असा होतो.

सरकारनेही ही गोष्ट ओळखली आहे. 2023 सालच्या जून महिन्यात वीजग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत दुरुस्ती करून, दिवसातील आठ सौरतासांत विजेचा दर नेहमीच्या दराहून किमान शेकडा 20 कमी असावा असे तत्त्व ठरविण्यात आले. स्मार्ट मीटर बसतील तसतसे ते घरगुती ग्राहकांस लागू व्हावयाचे आहे. ज्यांच्या मालकीची गच्ची नाही, जे चाळीत किंवा भाड्याच्या खोलीत राहतात, त्यांसही वेळ पाळण्याचा लाभ या मार्गाने मिळू शकतो.

मग काय करावे? वीज साठविण्यास बॅटरी आहे, परंतु ती महाग असून काही वर्षांनी बदलावी लागते. याहून स्वस्त साठा प्रत्येक घरात आहे, तो म्हणजे उरकून ठेवलेले काम. दुपारी मोटार लावून भरलेली गच्चीवरील टाकी रात्रभर पाणी देते. दुपारी घरघंटीवर दळलेले पीठ डब्यात आठवडाभर टिकते. दुपारी इस्त्री केलेले कपडे सोमवारी सकाळी अंगावर चढतात. एक अश्वशक्तीची मोटार अर्धा तास, हजार वॅटची इस्त्री अर्धा तास व एक अश्वशक्तीची घरघंटी अर्धा तास चालली तर सव्वा युनिट लागते. तेवढी वीज रात्रीची दिवसावर आली. विजेच्या स्कूटरची रिकामी बॅटरी भरण्यास 3 युनिटांच्या आसपास लागतात. सुट्टीच्या दिवशी ती दुपारी भरली तर लाभ मोठा. काही कामे मात्र हलत नाहीत. पहाटे अर्धा तास चालणारा 2 हजार वॅटचा गीझर एक युनिट घेतोच. त्यास उपाय म्हणजे उन्हानेच पाणी तापवून ते सकाळपर्यंत ऊन राखणारा सौर बंब. रात्रभर फिरणारा पंखाही हलविता येत नाही, परंतु बदलता येतो. जुना पंखा 75 वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा 30 वॅटच्या आसपास. दहा तासांत पाऊण युनिटाऐवजी तीन-दशांश युनिटात भागते.

या वेळापत्रकाविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. दुपारी करावयाची कामे वाढली की ती करावयाची कोणी? बहुतेक घरांत दुपारची घटका-दोन घटका हीच काय ती गृहिणीच्या विश्रांतीची वेळ. सूर्याच्या सोयीसाठी तीही तिच्याकडून हिरावून घेतली, तर विजेची बचत होऊन माणसाची उधळपट्टी झाली असे म्हणावे लागेल. यास्तव रविवारी उपासनेहून परतल्यावर व शनिवारी शाळा सुटल्यावर मुलामुलींनी इस्त्री, दळण व कपडे धुण्याचे यंत्र आपल्याकडे घ्यावे. हे काम मुलग्यांस शोभत नाही असे मानण्याचे काही कारण नाही.

आणखी एक प्रश्न आम्हांस नेहमी विचारला जातो. बाहेरची वीज गेली, ऊन तर लख्ख पडले आहे, मग घरात अंधार का? याचे कारण असे की, बॅटरी नसलेला साधा संच बाहेरील पुरवठा बंद पडताच आपण होऊन थांबतो. तो थांबला नाही तर गच्चीवरील वीज तारांवर जात राहील, आणि दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. आपली गैरसोय होते ती एका मनुष्याचे प्राण राखण्यासाठी, हे समजल्यावर तिच्याविषयी कुरकुर करण्यास जागा उरत नाही.

शेवटी त्या ‘फुकट’ शब्दाविषयी. बिल उतरताच खोल्यांतून दिवे जळत राहतात आणि नवीन यंत्रे घरात येतात. वर्ष संपते तो खर्च पूर्वीहून वाढलेला आढळतो. पाच हजारांस पोटभर जेवू घातल्यावर प्रभूने शिष्यांस उरलेले तुकडे गोळा करावयास लावले व त्यांच्या बारा टोपल्या भरल्या, ही कथा आपणांस ठाऊक आहे. ज्याच्या हाती विपुलता होती त्यानेच तुकडा वाया जाऊ दिला नाही. सूर्याचा प्रकाश आपण कमाविलेला नाही. तो सर्वांस सारखा मिळतो, म्हणूनच त्याचा उपयोग हिशेबाने करण्याची जबाबदारी अधिक. आपण वाचविलेले युनिट दुपारी शेजाऱ्याच्या घरी जाते, आणि सायंकाळी न मागितलेल्या युनिटामागे तेवढा कोळसा जळावयाचा राहतो.

विद्यार्थिमित्रांस आमची एक सूचना आहे. घरावर संच असो वा नसो, एक वही करावी. महिनाभर रोज सकाळी सात वाजता, सायंकाळी पाच वाजता व रात्री दहा वाजता मीटरचा आकडा तीत लिहावा. दिवसाचा खर्च किती व रात्रीचा किती हे वजाबाकीने आपोआप कळेल. नंतर घरातील एकच काम रात्रीचे दिवसावर आणून पुढील महिना तसेच आकडे लिहावेत, आणि दोन्ही महिन्यांची पाने वडील मंडळींपुढे ठेवावीत. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात विजेवरचे प्रकरण आहेच. ही वही त्याच्या जोडीस राहील.