नागपूरकडे तोंड केलेली छत्री

पांढुर्णा किंवा सौंसरमध्ये गच्चीवर डीडी फ्री डिशची छत्री असेल, तर तिचं तोंड आग्नेयेला, म्हणजे जवळजवळ नागपूरच्या दिशेला असतं. ज्या घरांनी एकेकाळी उंच बांबूवर अँटेना चढवून तो नागपूरकडे फिरवला, त्या घरांत अजूनही समज आहे की छत्रीलाही सिग्नल नागपूरहूनच येतो. हा योगायोग आहे. फ्री डिशचा उपग्रह विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे. आपल्या भागातून तो दक्षिणेपासून पूर्वेकडे साधारण ३६ अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर येतो. नागपूर त्याच अंगाला पडतं, एवढाच त्यांचा संबंध.

छत्री इतकी वर बघतेय असं मात्र डोळ्यांना वाटत नाही, कारण सिग्नल पकडणारा तिचा एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला धरलेला असतो. तिचा चेहरा दिसतो त्यापेक्षा तिची नजर वीसेक अंश तरी वर असते. त्यामुळे समोरच्या घराची भिंत आड येते म्हणून छत्री हलवली जाते, आणि वरून झुकलेल्या कडुलिंबाच्या फांदीकडे कुणी बघत नाही. अडवते ती फांदी. तशीच पावसाची गोष्ट. नुसतं आभाळ भरून आलं म्हणून चित्र जात नाही, जोराची सर आली की जातं, आणि सर ओसरली की परत येतं. पाऊस थांबून ऊन पडलं तरी चित्र आलं नाही, तर एलएनबीच्या पिनमध्ये पाणी शिरलंय का ते बघावं.

दुसरा समज मला जास्त खटकतो: ‘आपण मध्य प्रदेशात, आपल्याला मराठी चॅनल कसे मिळणार?’ १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांच्या सीमा बदलल्या, नागपूर तिकडे गेलं, छिंदवाडा इकडे राहिला, आणि आता पांढुर्णा-सौंसरचा वेगळा जिल्हाही झाला. उपग्रहाला यातली कोणतीच रेघ दिसत नाही. फ्री डिशवर सह्याद्री वाहिनी आहे आणि तिला महिन्याचे पैसे लागत नाहीत. खासगी डीटीएचवाले इथे हिंदी पॅक पुढे करतात हे खरं, पण फेब्रुवारी २०१९पासून ‘ट्राय’च्या नियमांनुसार ग्राहकाला एकेक वाहिनी निवडून घेता येते. घरात आजी मराठी बोलते, मुलं शाळेत हिंदीत शिकतात, अशा गावांत हा हक्क माहीत असलाच पाहिजे. न मागता तो कुणी हातात देत नाही.

आता टीव्ही बघायला आणि रेकॉर्ड करायला कोपऱ्यात पडलेला जुना कॉम्प्युटर वापरण्याकडे येऊ. ‘यात टीव्ही ट्यूनर कार्ड आहे, छत्रीची केबल सरळ त्याला लावू’ हा बेत बहुतेक वेळा फसतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वीची ती कार्डं केबलवाल्याच्या किंवा अँटेनाच्या अ‍ॅनालॉग सिग्नलसाठी होती. छत्रीतून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा डिजिटल सिग्नल खाली येतो, आणि त्याच केबलमधून वर एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवावे लागतात. जुन्या कार्डाला यातलं काहीच जमत नाही. त्यासाठी डीव्हीबी-एस किंवा डीव्हीबी-एस२ कार्ड लागतं, नाहीतर यूएसबीवर चालणारा तसाच डबा. जुन्या कार्डाला पिवळी-लाल-पांढरी पिन लावायची सोय असेल, तर सेट टॉप बॉक्सचं चित्र त्यातून घेता येतं. पण मग चॅनल बॉक्सवरूनच बदलायचा, आणि चित्र थोडं पुसट येणार.

एकाच छत्रीवर टीव्ही आणि कॉम्प्युटर दोन्ही चालवायचे म्हणून केबल टीव्हीचा साधा स्प्लिटर लावतात. त्यावर ५ ते १००० मेगाहर्ट्झ असं छापलेलं असतं. छत्रीचा बराचसा सिग्नल त्याच्या वरचा, म्हणून निम्मे चॅनल गायब होतात आणि दोष कार्डाला लागतो. दोन तोंडांचा एलएनबी लावून दोन केबली खाली आणणं हाच सरळ मार्ग.

‘एवढ्या जुन्या मशीनला टीव्ही झेपणार नाही’ हेही अर्धंच खरं. साध्या एसडी वाहिनीचं रेकॉर्डिंग म्हणजे आलेला डेटा जसाच्या तसा डिस्कवर लिहिणं. त्यात प्रोसेसरला फारसं काम नसतं, आणि एमपेग-२ चित्र दाखवणं पेंटियम-४लाही जमतं. दमछाक होते ती एचडी वाहिनी दाखवताना. विंडोज एक्सपीला २०१४पासून सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत, तेव्हा असं मशीन इंटरनेटला जोडू नये. रेकॉर्डिंगला इंटरनेट लागतही नाही. लिनक्स टाकता आलं तर आणखी चांगलं, कारण त्यात डीव्हीबी कार्डांची सोय मुळातच आहे.

सगळ्यात जास्त गोंधळ रेकॉर्डिंग साठवायच्या एक्सटर्नल हार्ड डिस्कचा. डिस्क लावली, आतून टिक-टिक आवाज आला, कॉम्प्युटरने ओळखली नाही, की ‘डिस्क गेली’ असं म्हणून ती बाजूला ठेवली जाते. पुष्कळदा ती उपाशी असते. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअरची हमी देतो, आणि अडीच इंची डिस्कला फिरायला लागताना त्याहून जास्त करंट लागू शकतो. जुन्या कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टवर, लांब केबलने, हे हमखास घडतं. मागच्या पोर्टला आखूड केबलने लावून बघा. नाही जमलं तर स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला यूएसबी हब घ्या.

पोर्ट जुना म्हणून रेकॉर्डिंग अडखळेल ही भीती मात्र सोडा. एसडी वाहिनी सेकंदाला ३ मेगाबिटने आली तर तासाला १.३५ जीबी होतात. यूएसबी २.० याच्या कितीतरी पट डेटा सहज वाहून नेतो, आणि ५०० जीबीच्या डिस्कवर साडेतीनशे तासांहून अधिक मावतं. तीन तासांचं नाटक रेकॉर्ड करताना शेवट कापला गेला, तर फॅट३२ फॉरमॅटवर संशय घ्या, कारण त्यात एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. डिस्क थेट सेट टॉप बॉक्सला लावली, तर काही बॉक्स आपणच फाइलचे तुकडे करतात, काही थांबतात. उलट डिस्क एनटीएफएस असेल तर अनेक साधे बॉक्स तिला ओळखतच नाहीत. अशा वेळी पडद्यावर ‘फॉरमॅट करायचं का?’ असा प्रश्न येतो आणि रिमोटचं बटण सहज दाबलं जातं. त्याच डिस्कवर लग्नाचे फोटो असतील तर तेही गेले. टीव्हीसाठी डिस्क वेगळीच ठेवा.

आणि ‘रेकॉर्ड केलेलं कुठेही चालतं’ असंही नाही. फ्री डिशवरच्या ज्या वाहिन्या कुलूप न लावता येतात, त्यांची फाइल बहुधा कॉम्प्युटरवर व्हीएलसीमध्ये चालते. खासगी डीटीएचच्या बॉक्सने केलेलं रेकॉर्डिंग त्या बॉक्सच्याच किल्लीने उघडतं. बॉक्स बदलला की डिस्क मुकी. ती बिघडलेली नसते, बंद केलेली असते. घरच्या घरी बघण्यासाठी प्रत ठेवायला कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमातल्या खासगी वापराच्या सवलतीचा आधार आहे. पण हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडणं २०१२च्या दुरुस्तीने आलेल्या ६५अ कलमाखाली गुन्हा ठरतो.

टायमर लावूनही भलताच कार्यक्रम रेकॉर्ड झाला, तर आधी घड्याळ बघा. जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाचा नाण्याएवढा सेल असतो. तो संपला की लाइट गेल्यावर तारीख-वेळ मागे जाते. नवा सेल कोणत्याही घड्याळवाल्याकडे थोडक्या पैशांत मिळतो. सेट टॉप बॉक्स वेळ उपग्रहाकडून घेतो, पण ती ग्रीनिचची असते. सेटिंगमध्ये अधिक ५:३० नसेल तर संध्याकाळी सातचं रेकॉर्डिंग रात्री साडेबाराला सुरू होतं.