खराडीतला गीझर लवकर का जातो? जड पाण्याचा हिशोब

नळाच्या तोंडाशी पांढरा थर, शॉवरच्या अर्ध्या भोकांतून वाकडीतिकडी धार, कितीही घासलं तरी न जाणारे बादलीचे डाग. खराडीतल्या अनेक सोसायट्यांमध्ये नवीन राहायला आलेल्या माणसाला हे लवकरच दिसायला लागतं. मग शेजारी सांगतात, "इथलं पाणी जड आहे, सॉफ्टनर बसवून घ्या." बसवा, पण आधी थोडं समजून घ्या. कारण या प्रकरणात लोकांचे पैसे बहुतेक वेळा चुकीच्या मशीनवर जातात.

पाणी जड म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त. शाळेच्या पुस्तकात याला 'दुष्फेन' पाणी म्हणायचे, म्हणजे साबणाचा फेस न होऊ देणारं. पुण्याच्या खाली बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण आहे. पावसाचं पाणी मातीतून मुरताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्ल होतं आणि खडकातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळवत खाली जातं. बोअरला लागतं ते हे पाणी. धरणातल्या पाण्याचा खडकाशी एवढा सहवास नसतो, म्हणून ते तुलनेनं मऊ.

खराडीची अडचण अशी की इथे अनेक सोसायट्यांत पाणी एका जागचं नसतं. भामा आसखेड धरणाचं पाणी शहराच्या पूर्व भागाला देणाऱ्या योजनेचं उद्घाटन 1 जानेवारी 2021 रोजी झालं. तरीही महापालिकेचं पाणी कमी पडलं की सोसायटीचं बोअर सुरू होतं, आणि तेही पुरेना की टँकर येतो. तिन्ही एकाच जमिनीखालच्या टाकीत पडतात. त्यामुळे पावसाळ्यात बरं असलेलं पाणी एप्रिल-मे मध्ये एकदम जड होऊ शकतं. टाकी तीच, नळ तोच, पाणी वेगळं.

आता नुकसान कुठे होतं ते पाहू. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की फुटतं आणि त्यातून न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच, बाहेर पडतं. ते तिथल्या तिथे चिकटतं. म्हणून थंड पाण्याच्या पाइपपेक्षा गीझर, गरम पाण्याची लाइन आणि सोलरच्या नळ्या आधी भरतात. गीझरच्या कॉइलवर थर चढला की उष्णता पाण्यात नीट जात नाही, कॉइल स्वतःच जास्त तापते आणि एक दिवस जाते. आतून उकळत्या किटलीसारखा आवाज यायला लागला की थर बसलाय असं बऱ्याचदा समजायला हरकत नाही. नळ, जाळी, फ्लशच्या टाकीतला व्हॉल्व्ह इथे पाणी सुकतं आणि क्षार मागे राहतात.

एक हिशोब करू. समजा पाण्याची कठीणता लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. चौघांचं कुटुंब माणशी 135 लिटर धरून दिवसाला 540 लिटर वापरतं. म्हणजे रोज 270 ग्रॅम, महिन्याला आठ किलो खडूइतके क्षार घरातून वाहून जातात. बहुतेक गटारात जातात. पण थोडेसेच चिकटले तरी नळ बंद पडायला पुरतात.

तुमच्या पाण्याचा आकडा किती, ते टीडीएस मीटर सांगत नाही. तो सगळ्या विरघळलेल्या पदार्थांचा अंदाज देतो, त्यात साधं मीठही आलं. कठीणता वेगळी मोजावी लागते. थेंब टाकून मोजायचं किट मिळतं, त्यात पाण्याचा रंग लालसरवरून निळा होतो आणि तोवर लागलेले थेंब मोजायचे. किंवा प्रयोगशाळेत बाटली द्या. भारतीय मानक आयएस 10500 प्रमाणे पिण्याच्या पाण्यात 200 मिलिग्रॅमपर्यंत कठीणता चांगली, दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालते. एकदा मे महिन्यात आणि एकदा ऑगस्टमध्ये मोजा, फरक कळेल.

स्वयंपाकघरातला आरओ गीझरला वाचवत नाही, कारण तो फक्त पिण्याच्या नळावर असतो. तोटीला बांधायचे चुंबकवाले उपाय बाजारात आहेत, पण त्यांच्या परिणामाचे पुरावे इतके उलटसुलट आहेत की मी त्यावर पैसे घालणार नाही.

खात्रीचं काम करतो तो आयन एक्स्चेंज सॉफ्टनर. त्यातले रेझिनचे मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्यानं धुऊन पुन्हा तयार करायचे. गंमत म्हणजे सुरुवातीच्या सॉफ्टनरमध्ये रेझिनऐवजी झिओलाइट वापरत. आणि खराडीला लागून असलेल्या वाघोलीच्या खाणी त्यांच्या सुंदर झिओलाइट स्फटिकांसाठी जगभरच्या संग्राहकांना माहीत आहेत!

एक लिटर रेझिन साधारण 50 ग्रॅम कठीणता पकडतं. वरच्या कुटुंबाला 25 लिटरचं यंत्र साडेचार दिवस पुरेल, मग मीठ. विक्रेता "महिनाभर बघायला नको" म्हणत असेल तर हा हिशोब त्याच्यासमोर मांडा. मऊ झालेल्या पाण्याचा टीडीएस कमी होत नाही, त्यामुळे मीटर लावून "यंत्र चालत नाही" म्हणू नका. आणि 500 मिलिग्रॅम कठीणता काढली की लिटरमागे सुमारे 230 मिलिग्रॅम सोडियम वाढतं. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी ते थेट पिऊ नये, कुंड्यांनाही घालू नये. पिण्याची लाइन सॉफ्टनरच्या आधीच वेगळी काढा. कठीणता स्वतः आरोग्याला घातक मानली जात नाही.

सोसायटीनं टाकीवर मोठा प्लांट बसवायचा असेल तर सभेत एक प्रश्न नक्की विचारा: धुतलेलं मिठाचं पाणी जाणार कुठे? ते एसटीपीत गेलं आणि तेच पाणी बागेला फिरलं, तर लॉन पिवळं पडल्यावर माळ्याला बोल लागेल.

तोवर भाड्याच्या घरात काय करायचं? गीझर 50-55 अंशांवर ठेवा, वर्षातून एकदा उघडून साफ करून घ्या. शॉवरची जाळी लिंबूसत्त्वाच्या किंवा व्हिनेगरच्या कोमट पाण्यात रात्रभर बुडवून सकाळी जुन्या ब्रशनं घासा. संडास धुण्याचं ॲसिड नळाला लावू नका, थर निघेल, पण चकाकीही त्याबरोबर जाईल.