खोकल्याच्या काढ्यातले जांभळे फूल

थंडीत दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर बोंबील सुकत असतात, त्याच दिवसांत घराघरांत खोकल्याचे आवाजही ऐकू येतात. पहाटेचा गार वारा असतो, त्यात चुलीच्या धुराची भर. मग अडुळसा, आले, गवती चहा उकळतो. कुणी बाजारातून काष्ठौषधींची तयार पुडी आणतो. त्या पुडीत ज्येष्ठमधाच्या काड्यांबरोबर पुष्कळदा चुरगळलेली, निळसर-तपकिरी फुले असतात. हा बनफशा.

बनफशा कोकणातला नव्हे. काश्मीर, हिमाचलच्या थंड डोंगरांत, झाडांच्या सावलीत तो जमिनीलगत वाढतो आणि वसंताच्या सुमारास त्याला जांभळी, सुवासिक फुले येतात. शास्त्रीय नाव व्हायोला ओडोराटा. त्याच्या कुळातला एक भाऊबंद मात्र कोकणात पावसाळी गवतात दिसतो. एकच मोठी गुलाबी-जांभळी पाकळी मिरवणारा, वीतभर उंचीचा रतनपुरुष तो हाच.

बनफशाच्या फुलापानांत बुळबुळीत द्रव्य असते. घशावर त्याचा पातळ थर बसला की कोरडी ढास काही वेळ शमते. इराणमध्ये दम्याच्या 182 मुलांवर झालेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नेहमीच्या औषधाच्या जोडीला बनफशाचे सरबत दिल्यावर खोकला लवकर कमी झाला. ‘जोडीला’ हा शब्द महत्त्वाचा. पंप बंद करून काढा पाजणे मुलाच्या जिवावर बेतू शकते.

या फुलाची दुसरी बाजू काढा उकळणाऱ्यांना सहसा माहीत नसते. 1960 च्या दशकात नॉर्वेचे डॉक्टर लोरेन्ट्स ग्रान काँगोत रेडक्रॉसच्या कामावर होते. तिथल्या बायका प्रसूती लवकर व्हावी म्हणून एका रानवनस्पतीचा काढा पितात, हे त्यांनी पाहिले. त्यातून गर्भाशय आकुंचित करणारे एक छोटे प्रथिन मिळाले, कलाटा बी-1. 1995 मध्ये त्याची रचना उलगडली तेव्हा कळले की त्याला सुरुवातही नाही आणि शेवटही नाही, ती एक बंद कडी आहे. म्हणूनच ते उकळूनही मोडत नाही. पुढे हेच प्रथिन बनफशातही सापडले. पुडीतल्या चमचाभर फुलांतून ते किती पोटात जाईल हे सांगता येत नाही, म्हणून गरोदर बाईने हा काढा घरच्या घरी घेऊ नये हेच बरे. बनफशाच्या मुळाने तर उलट्या होतात. त्यातच बाजारात बनफशाच्या नावाने हिमालयातल्या त्याच्या इतर जातीही विकल्या जातात, आणि वाळल्यावर त्या ओळखणे कठीण.

तरी खरा धोका फुलात नाही, दिवस निघून जाण्यात आहे. साध्या सर्दीचा खोकला बहुधा आपोआप बरा होतो आणि श्रेय काढ्याला मिळते. मग पुढच्या खेपेला तोच काढा तीन आठवडे, महिनाभर चालतो. तो खोकला क्षयाचा असेल तर तेवढ्या दिवसांत घरातल्या लहानग्यांपर्यंत आणि होडीवर दाटीवाटीने झोपणाऱ्या सोबत्यांपर्यंत जंतू पोचलेले असतात.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, बेडक्यात रक्त, यांपैकी काहीही असेल तर सरकारी दवाखान्यात बेडका तपासावा. तपासणी मोफत आहे आणि औषधेही मोफत. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. उपचार सुरू असताना नि-क्षय पोषण योजनेतून आहारासाठी महिन्याला 500 रुपये मिळत, नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 झाले आहेत.

डबीत अनेक जण नुसती थुंकी आणून देतात. ती चालत नाही. सकाळी उठल्यावर चूळ भरावी, दोन-तीनदा खोल श्वास घ्यावा आणि छातीतून खोकून आलेला बेडका द्यावा. तो उघड्यावर, इतरांपासून दूर उभे राहून काढावा.