धंदा बुडाला म्हणून पदाचा दरवाजा बंद होतो का?

भिवंडी असो, मालेगाव असो की इचलकरंजी, सुताचे भाव चढले, कापडाला उठाव राहिला नाही आणि उधारी अडकली की एखादी पेढी बसतेच. मग बाजारात एकच बोलले जाते की हा माणूस आता कुठल्या पदाच्या लायकीचा राहिला नाही. कायदा मात्र सरसकट असे म्हणत नाही.

कर्ज थकणे वेगळे आणि नादार ठरणे वेगळे. निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात कर्ज दाखवावे लागते, पण निव्वळ कर्ज आहे म्हणून कोणी खासदारकी-आमदारकीला अपात्र होत नाही. न्यायालयाने नादार ठरवले आणि अजून मुक्त केले नाही, तर मात्र अडचण येते. अशा ‘अविमुक्त नादार’ माणसाला राज्यघटनेच्या कलम 102 व 191 प्रमाणे खासदार किंवा आमदार होता येत नाही. 1995 च्या वक्फ कायद्याच्या कलम 16 प्रमाणे त्याला वक्फ मंडळावर बसता येत नाही, आणि कलम 64 प्रमाणे मुतवल्लीला या कारणाने काढता येते. दुसऱ्याची अमानत सांभाळणाऱ्याला ही अट रास्तच आहे.

आता सुटकेचा मार्ग पाहू. सामान्य व्यापाऱ्याची नादारी आजही जुन्याच कायद्यांनी चालते. मुंबई शहरात 1909 चा कायदा लागतो, इतरत्र 1920 चा. 1920 च्या कायद्याचे कलम 73 नादाराला स्थानिक संस्थेवर निवडून येण्यास मनाई करते. पण सर्व देणी फेडून नादारीचा हुकूम रद्द करून घेतला, तर ही मनाई उठते. मुक्ततेच्या हुकुमाबरोबर ‘गैरवर्तन नव्हे, दुर्दैवाने नादारी आली’ असा न्यायालयाचा दाखला मिळाला, तरीही उठते. दाखला देणे न देणे न्यायालयाच्या हाती आहे. म्हणून देणेकऱ्यांशी घरात बसून तडजोड केली आणि हुकूम तसाच राहू दिला, तर अपात्रता डोक्यावर राहते.

न्यायालय काय पाहते? कलम 42 वाचावे. मालमत्ता रुपयाला आठ आणेही भरत नसेल आणि त्यात आपला दोष नव्हता हे पटवता आले नाही, मागील तीन वर्षांच्या वह्या नीट ठेवल्या नसतील, बुडालो हे कळूनही व्यापार चालू ठेवला असेल, सट्टा किंवा उधळपट्टी केली असेल, तर पूर्ण मुक्तता मिळत नाही. म्हणजे व्यापाऱ्याचा खरा साक्षीदार त्याची खातेवही.

नोकरीत नियम आणखी कडक आहेत. केंद्र सरकारच्या नोकराने कर्जबाजारी होऊ नये, असे 1964 च्या वर्तणूक नियमांचे कलम 17 सांगते. परिस्थिती हाताबाहेर होती, हे सिद्ध करणे त्याच्यावरच असते. बँकेत तर जुनी थकबाकीही नडते. पूर्वी हप्ते थकवल्याची नोंद निघाल्याने स्टेट बँकेने एका उमेदवाराची नेमणूक रद्द केली होती. कर्ज नंतर फेडले, हे त्याचे म्हणणे चालले नाही, आणि 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बँकेची बाजू उचलून धरली.

तेव्हा कारखान्यासाठी मुलाच्या नावाने कर्ज उचलण्याआधी दोनदा विचार करावा. तो उद्या बँकेच्या परीक्षेला बसणार असेल, तर आपला चुकलेला हप्ता त्याच्या नावावर लिहिला जातो. धंद्यात मार खाल्लेल्यांनी तोंड लपवू नये. वह्या जपाव्यात, वकील गाठावा आणि मुक्ततेचा हुकूम हातात घेईपर्यंत थांबू नये.