पाटणचा मठ आणि युरोपीय विद्यापीठ

पॅरिसच्या अध्यापकसंघास पोपच्या प्रतिनिधीकडून नियमावली मिळाली ती इ. स. १२१५ मध्ये. चाळीसगावजवळील पाटणचा शिलालेख १२०७ चा. यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव याने आपले आजोबा भास्कराचार्य यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ आदी ग्रंथांच्या अध्यापनार्थ मठ स्थापिला आणि निकुंभवंशीय सोइदेवाने त्यास दान दिले, असे त्यावरून कळते. पेठेतील विक्री व तेलघाणे यांवरील हक्कांची कलमे जुन्या मराठीत आहेत, हे भाषाभ्यासकांनी विशेष लक्षात घ्यावे.

मग भेद कोठे? ‘युनिव्हर्सितास’ या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थच संघ. पॅरिसला अध्यापकांनी, बोलोन्यास विद्यार्थ्यांनी असे संघ उभारले. ते आपले नियम स्वतः करीत. पाटणास विद्या होती, वृत्तीही होती. परंतु अशा संघाचा निर्देश लेखात नाही. मठाचा आधार एक कुल व एक राजवंश एवढाच दिसतो. विद्येचे आयुष्य दानाइतकेच संघटनेवरही अवलंबून असते, ते असे.