मध्यरात्रीची फडफड

मध्यरात्री पिंजऱ्यात अचानक धडपड सुरू होते. कॉकाटील पाळणाऱ्यांना हा प्रकार ठाऊक असतो. हा पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या मोकळ्या, कोरड्या माळरानांवरचा, थव्याने राहणारा. धोका जाणवला की आधी उडायचे, ही त्याची उपजत सवय. तिथे आकाश मोकळे असते, इथे चारही बाजूंना गज. अंधारात त्याला नीट दिसत नाही. मग पाल सरकली किंवा रस्त्यावरच्या गाडीचा झोत भिंतीवरून फिरला, तरी तो गजांवर आदळत राहतो.

अशा वेळी पिंजऱ्यात हात घालू नका. घाबरलेल्या पक्ष्याला झडप घालणारा हात शिकाऱ्यासारखाच वाटतो. आधी मंद दिवा लावा, म्हणजे त्याला दांडी दिसेल. मग थोडे दूर उभे राहून रोजच्याच आवाजात, हळू बोलत राहा. श्वास संथ झाला, तुरा खाली आला की पंख तपासा. नव्याने उगवणाऱ्या पिसाच्या नळीत रक्त असते. ती मोडली तर रक्त वाहते. तिथे कॉर्नफ्लोअर लावून स्वच्छ कापसाने हलके दाबा. रक्त थांबेना किंवा पंख लोंबकळत असेल, तर पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे लगेच न्या.

पिंजऱ्यावर पूर्ण कापड टाकून मिट्ट काळोख करणे मला पटत नाही. एक बाजू उघडी आणि जवळ झिरोचा बल्ब, हे बरे. दिवाळीत फटाके सुरू होण्याआधीच पिंजरा खिडकीपासून दूर, आतल्या खोलीत हलवा.