जामचे दोन काठ

पोळा झाला की बहुतेकांचा सण संपतो. बैलांच्या शिंगांचा रंग उडू लागतो, उरलेल्या पुरणपोळ्या दुधात कुस्करून संपवल्या जातात आणि घर पुन्हा आपल्या कामाला लागते. आमच्या पांढुर्ण्याचा खरा दिवस मात्र पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडतो. मला इंदुरात येऊन तीस वर्षे होत आली, तरी त्या सकाळी माझे कान जाम नदीकडेच लागलेले असतात.

गोटमारीचे नाव वाचकांनी वाचले असेल, बहुधा जखमींच्या आकड्याशेजारी. नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. जंगलातून पळसाचे झाड आणून ते पहाटे पात्राच्या मध्यभागी रोवतात, त्याला झेंडा बांधतात, पूजा होते. मग दोन्ही काठांवरून गोटे सुरू होतात. पांढुर्णेकरांनी गोट्यांच्या माऱ्यातून वाट काढून झेंडा तोडायचा, सावरगावकरांनी तो राखायचा. झेंडा हाती आला की चंडीमातेच्या देवळात नेऊन वाहायचा, की खेळ संपला. संध्याकाळपर्यंत कोणालाच साधले नाही, तर दोन्ही बाजूंची मंडळी आपसांत ठरवून झेंडा देवळात नेतात. सांगतात ते असे, की पांढुर्ण्याचा तरुण सावरगावची मुलगी घेऊन नदी ओलांडत होता. दोन्हीकडून दगड आले आणि दोघे मधल्या पाण्यातच गेली. काही जुनी माणसे भोसल्यांच्या फौजेच्या सरावाची हकिकतही सांगतात.

आमच्या घरात ही कथा उलट घडली होती, म्हणजे सुखरूप पार पडली होती. वडील पांढुर्ण्याचे आणि माय सावरगावची. त्या दिवशी वडील या काठावर, मामा त्या काठावर. मामांच्या भुवईवर एक आडवी खूण होती. ती कोणाच्या गोट्याची, हे दोघांनीही कधी बोलून दाखवले नाही. माय दार लावून आत बसायची. आम्ही मुले विचारायचो, "माय, आज कोण जिंकावं?" ती म्हणायची, "मले काय विचारता रे? इकडं लागला तरी माह्यालेच, तिकडं लागला तरी माह्यालेच." दुसऱ्या दिवशी मामा कपाळाला पट्टी बांधून आमच्याकडे जेवायला येत आणि वडील त्यांच्या पानात स्वतः तूप वाढत.

हे सारे आठवायचे कारण म्हणजे परवा आलेले भाच्याचे पत्र. धाकटी बहीण सौसरला दिली आहे. संत्र्याच्या बागा, जामसावळीचा निजलेला मारुती, असा तो मुलूख. तिचा मुलगा शिकायला कॅनडात किंग्स्टनला गेला आहे. तो लिहितो: "मामा, इथेही जाम नदी आहे, फक्त तिचे नाव कॅटराकी. एका काठावर आमचे क्वीन्स विद्यापीठ, पलीकडे रॉयल मिलिटरी कॉलेज. दोघांचा हॉकीचा पहिला सामना 1886 साली गोठलेल्या बंदरावर झाला. आम्ही एका गोलने जिंकलो." ते 'आम्ही' वाचून मला हसू आले. पोराला तिथे जाऊन वर्षही झालेले नाही! शंभर वर्षे झाली तेव्हा, 1986 साली, या लढतीसाठी कार-हॅरिस करंडक ठेवला गेला, आणि त्या दिवशी सारे शहर दोन रंगांत वाटले जाते म्हणे.

इंदूरकरांना ही ओढ नवी नाही. होळकर संघ रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मुंबईसमोर उभा राहिला, त्या दिवसांच्या गोष्टी जुन्या वाड्यांतून अजून निघतात. समोरचा तोलाचा नसेल तर आपल्या विजयाला चव कसली?

पण पत्रातली एक ओळ माझ्या मनातून जात नाही. आता शिरस्त्राण घातल्याशिवाय कोणाला बर्फावर उतरू देत नाहीत, असे तो सहज लिहून गेला आहे. नियम बदलत गेले, आणि चुरस कमी झाली नाही. आमच्या काठावर 1955 पासून दहाहून अधिक माणसे गेली आहेत. 1978 आणि 1987 साली तर पोलिसांच्या गोळ्या चालल्या. 2001 साली प्रशासनाने गोट्यांऐवजी रबरी चेंडू आणून ठेवले. लोकांनी ते बाजूला सारले आणि गोटे उचलले. मला वाटते, चेंडू वाईट नव्हते. ते वरून आले होते, हीच त्यांची उणीव. आपल्याच वऱ्हाडात 1914 साली अमरावतीला वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा उभारला. त्याच संस्थेची मुले 1936 साली बर्लिनला आपले देशी खेळ दाखवून आली, त्यांत मातीतला हुतूतूही होता. हुतूतूला नियम बांधून दिले ते खेळणाऱ्यांनी आणि खेळावर माया करणाऱ्यांनी, म्हणून ते टिकले. संध्याकाळी आपसांत ठरवून झेंडा देवळात नेणे ज्यांना जमते, त्यांना सकाळी आपसांत ठरवून हातातला गोटा खाली ठेवणे जमणार नाही, असे मी मानत नाही.

2023 साली पांढुर्णा जिल्हा झाला, सौसर त्यात आले. पुलावरून माणसे दिवसभर इकडून तिकडे जातात. लेकीसुना दोन्ही काठांच्या आहेत. माय आज असती तर कोणती बाजू घेतली असती, हे मला पक्के ठाऊक आहे.

पत्राच्या शेवटी भाच्याने विचारले आहे, "यंदा पोळ्याला येतो. मी कोणत्या काठावर उभा राहू?" मी उत्तर लिहिले आहे: "अवश्य ये. पहाटे झेंड्याची पूजा बघू, पण गोटा उचलायचा नाही. आणि दुसऱ्या दिवशी सावरगावला मामांच्या घरी जेवायला जाऊ. तूप मी वाढीन."